घरातली रेल्वे (लेखांक 5) : दौलताबादचा फलाट, फळीवर आणि कॅमेऱ्यापुढे

मॉडेल रेल्वेत दोन मापे जुळवावी लागतात. खरी वस्तू किती पटींनी लहान केली ते प्रमाण, आणि दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे गेज. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे 1:87, आणि त्याचे रूळ 16.5 मिलिमीटर गेजचे. हे माप युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजवरून आलेले आहे. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. तिला 87 ने भागले तर 19.26 मिलिमीटर येतात. त्यामुळे बाजारातल्या तयार रुळांवर भारतीय डबा बसवला की त्याच्या चाकांमधले अंतर जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरने कमी पडते. वरून पाहताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण समोरून येणारी गाडी कॅमेऱ्यात टिपली की डबा अरुंद रुळांवर तोलून धरल्यासारखा दिसतो.

मीटर गेजचा हिशेब बराच सोयीचा आहे. 1000 भागिले 87 म्हणजे साडेअकरा मिलिमीटर, आणि 12 मिलिमीटर गेजचे रूळ तयार मिळतात. स्वित्झर्लंडमधल्या मीटर गेज रेल्वेची मॉडेल्स याच रुळांवर धावतात. शिवाय 1:120 या टीटी प्रमाणाचेही गेज 12 मिलिमीटरच असल्याने त्या गाड्यांच्या मोटार आणि चाकांसह तयार चौकटी वापरता येतात. चूक उरते ती अर्ध्या मिलिमीटरची.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, मॉडेलकाराला ही गोष्ट विशेष उपयोगाची आहे, कारण शहरातली आजची ब्रॉडगेज मुळात मीटर गेज होती. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे 1900 च्या सुमारास मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादपर्यंत टाकली गेली. मनमाडला ती ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या ब्रॉडगेजला भेटे, आणि दोन गेज एकमेकांत मिसळत नसल्याने प्रवासी गाडी बदलत व मालाची पोती एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जात. शहरातून जाणारा हा मार्ग रुंद झाला तो 1990 च्या दशकात. म्हणजे मीटर गेजचा फलाट ज्यांनी पाहिला, सिग्नलचे हात ज्यांनी ओढले, अशी माणसे अजून शहरात भेटतात. मॉडेलसाठी यापेक्षा मोलाची सामग्री दुसरी नाही. जुनी छायाचित्रे, स्टेशनचा नकाशा, फलाटाच्या कठड्याचा रंग या गोष्टी त्यांच्याकडून वेळेत मिळवायला हव्यात.

प्रारूप म्हणून औरंगाबादसारखे मोठे स्टेशन घेण्याचा मोह टाळावा. मनमाडकडे जाताना लागणारे दौलताबाद अधिक योग्य. एकेरी मार्ग, गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी एक लूप, एक फलाट, स्टेशन मास्तरची खोली, दोन्ही टोकांना हात पडणारे सिग्नल आणि मागे देवगिरीचा डोंगर, एवढ्यात लहान स्टेशनचे सगळे काम दाखवता येते. एकेरी मार्गावर पुढचा विभाग मोकळा असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला टोकनचा गोळा दिला जाई. वेताच्या कडीला बांधलेल्या पिशवीतून तो चालत्या इंजिनावर झेलला जाण्याचा क्षण चित्रफितीत फार बोलका ठरतो.

आता जागा. प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा तक्ता हे बहुतेकांचे पहिले गणित असते आणि ते इथेच चुकते. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट असावी, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. त्याहून कमी ठेवली तर डब्याचे मधले पोट वळणाच्या आत आणि टोके बाहेर झुकतात. मीटर गेजचा प्रवासी डबा साडेएकोणीस मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण 22.4 सेंटीमीटर. तिप्पट केले तर 67 सेंटीमीटर त्रिज्या आणि 134 सेंटीमीटर व्यास. चार फूट म्हणजे 122 सेंटीमीटर, त्यामुळे गोल फेरा तक्त्यावर मावतच नाही. ब्रॉडगेजचा 21.3 मीटरचा आयसीएफ डबा घेतला तर अडचण आणखी वाढते. हट्टाने आवळलेले वळण खेळण्यासारखे दिसते आणि चित्रीकरणात पहिल्याच दृश्यात पकडले जाते.

उपाय सरळ आहे. गोल फेरा सोडून द्यावा आणि भिंतीलगत लांबट फळी घ्यावी. चार फूट लांब व सव्वा फूट रुंद अशा दोन फळ्या जोडल्या की 2.44 मीटर लांबी मिळते; प्रत्यक्षातल्या 212 मीटरची ही जागा झाली. आजच्या ब्रॉडगेजवर लूप लाइनची प्रमाण लांबी 686 मीटर असते. ती जशीच्या तशी घ्यायची तर पावणेआठ मीटरहून लांब खोली लागेल. म्हणून इंजिन आणि तीन डबे एवढीच गाडी धरून लूप आखावा. दोन्ही टोकांना झाडीच्या किंवा रस्त्याच्या पुलाच्या आडोशाने दृश्य संपवावे आणि पलीकडे एक साधी उघडी फळी ठेवावी. गाडी तिथे थांबते, इंजिन हाताने फिरवून पुन्हा लावता येते. कॅमेऱ्यापुढे गाडी कुठून तरी येते, थांबते आणि कुठे तरी जाते. ती गोल फिरत राहावी अशी प्रेक्षकाची अपेक्षाच नसते.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभे केलेले लघुरेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 पासून लोकांना पाहायला मिळते. सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, दिवसाची रात्र होताना बदलणारा प्रकाश, असे एक अख्खे शहर तिथे चालते. जर्मनीत हॅम्बुर्गचे मिनिआटुर वुंडरलांड 2001 मध्ये सुरू झाले, तेही 1:87 मध्ये. या दोन्ही ठिकाणी प्रेक्षक भोवती उभा राहून वरून पाहतो, म्हणून एकाच वेळी अनेक गाड्या फिरत्या ठेवणे योग्यच आहे. घरच्या चित्रीकरणाची गरज वेगळी. तिथे पाहणारा एकच आणि तो जमिनीलगत उभा. ही एक गोष्ट आधी ठरली की बांधणीतले बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

फळीसाठी 12 मिलिमीटर प्लायवूड, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट. संभाजीनगरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळ्यात दहा अंशांपर्यंत उतरतो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. पत्र्याच्या छपराखालची गच्चीवरची खोली त्यामुळे बाद समजावी. धातूचे रूळ तापमानाने वाढतात खरे, पण अडीच मीटरला ती वाढ जेमतेम एक मिलिमीटर भरते. जास्त त्रास पाणी शोषून फुगणाऱ्या लाकडाचा. प्लायवूडला कडांसह सर्व बाजूंनी रंगाचा किंवा वॉर्निशचा हात द्यावा आणि रुळांच्या सांध्यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवावी. फळीवर तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा कॉर्क चिकटवून त्यावर रूळ बसवले की मोटारीचा घुमणारा आवाज बराच उतरतो.

मीटर गेजवर रुळांची प्रमाण लांबी 12 मीटर असे. मॉडेलमध्ये ती 138 मिलिमीटर होते. दर 138 मिलिमीटरवर रुळाच्या माथ्यावर बारीक करवतीने हलकी खाच दिली, तर गाडी जाताना खरोखरच्या सांध्यांसारखा ठेका ऐकू येतो. डबा मात्र वजनदार हवा. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एवढ्या लांबीच्या एचओ डब्याचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम भरावे. डब्याच्या तळाशी लोखंडी वायसर चिकटवून ते गाठता येते. हलका डबा खाचेवर उडतो, ठेका देत नाही.

खडीच्या बाबतीत मराठवाड्यातला माणूस नशीबवान आहे. खऱ्या रुळांखालची 50 मिलिमीटरची खडी 87 पटींनी लहान केली की अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी होते. खडी क्रशरवर काळ्या बेसाल्टची कच पोत्याने मिळते, आणि मार्गावरची खरी खडीही त्याच दगडाची असते. रंगासाठी वेगळे काही करावे लागत नाही. कच आधी पिठाच्या चाळणीतून चाळून धूळ काढावी, मग चहाच्या गाळणीतून चाळून मोठे कण बाजूला करावेत. त्यानंतर एक पायरी चुकवून चालत नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. पसरलेल्या कचेवरून कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवले की कागदावर काळी लव उभी राहते. हे कण तसेच राहिले तर इंजिनाच्या मोटारीतले चुंबक ते ओढून घेते आणि मोटार काही तासांत करकरू लागते. कागद दूर नेऊन चुंबक काढले की कण गळून पडतात. एकही कण चिकटेनासा होईपर्यंत हे करत राहावे. मग खडी मऊ कुंचल्याने स्लीपरच्या मध्ये पसरवावी, भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेल्या पाण्याचा फवारा मारावा आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडावा. साबणाशिवाय गोंद खडीवर थेंबाथेंबाने तरंगतो आणि सगळी मेहनत विस्कटते. शेतातली माती वापरायची असेल तर तिलाही आधी कडक ऊन आणि मग हेच चुंबक.

विजेबद्दल थोडक्यात. साध्या डीसी पद्धतीत 12 व्होल्ट दोन रुळांतून जातात आणि ध्रुव उलटे केले की गाडी उलटी धावते. एका इंजिनाच्या स्टेशनाला एवढे पुरते. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतंत्र वायर जोडावी, सांध्यांच्या पत्र्यांवर विसंबू नये. डीसीसी ही डिजिटल पद्धत पुढच्या लेखांकात येईल.

देवगिरीचा डोंगर सुमारे 200 मीटर उंच, म्हणजे प्रमाणात 2.3 मीटर. तो बांधण्याच्या फंदात पडू नये. डोंगर दूर आहे आणि दूरच राहावा: मागच्या पडद्यावर, फिकट निळसर राखाडी रंगात, कडा न उठवता. जवळच्या भूभागात मात्र दख्खनच्या दगडाचे पायऱ्यापायऱ्यांचे थर थर्माकोलमध्ये कोरून दाखवावेत. ऋतू एकच निवडावा. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत उत्तम, कारण तेव्हा गवत पिवळे पडलेले, बाभळी हिरव्या आणि फलाटावर सीताफळांच्या पाट्या, अशी रंगसंगती लहान जागेत उठून दिसते. रंगवलेल्या लाकडाच्या भुशाचे गवत आणि वाळक्या तुऱ्यांची झुडपे कॅमेऱ्याला पटतात; प्लास्टिकची तयार झाडे पटत नाहीत.

चित्रीकरणाचे पहिले सूत्र उंचीचे आहे. फलाटावर उभ्या माणसाची नजर जमिनीपासून सुमारे 1.6 मीटरवर असते, म्हणजे मॉडेलमध्ये 18 मिलिमीटरवर. भिंग नेमके तिथे हवे. मोठा कॅमेरा एवढा खाली जात नाही. मोबाइल जातो, पण उलटा धरून: बहुतेक मोबाइलमध्ये भिंग वरच्या कडेपासून दीड-दोन सेंटीमीटरवर असते, त्यामुळे तो डोक्यावर उभा करून फलाटाला टेकवला की भिंग आपसूक माणसाच्या नजरेवर येते. चित्र नंतर संपादनात सरळ करता येते. मोबाइलचा लहान सेन्सर इथे उपकारक ठरतो. जवळून टिपताना मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एकच डबा स्पष्ट येतो आणि पुढेमागे सगळे धूसर होते. ही धूसरताच मॉडेल लहान असल्याची चुगली करते. फोकस आणि प्रकाश दोन्ही कुलूपबंद करावेत, नाहीतर गाडी चौकटीत शिरताच उजेड कमी-जास्त होतो.

प्रकाश एकाच दिशेचा असावा. सूर्य एक असतो. दोन दिव्यांनी डब्याला दोन सावल्या पडल्या की भ्रम संपला. सर्वांत चांगला प्रकाश अर्थातच खऱ्या उन्हाचा. चार फुटांची एक फळी दोघांनी उचलून गच्चीवर नेता येते. ती कठड्याच्या उंचीहून वर स्टुलांवर ठेवली की मागे खरे आकाश आणि शहराभोवतीचे खरे डोंगर येतात. क्षितिजावरच्या डोंगराला प्रमाण नसते, तो खऱ्या फलाटामागे जसा दिसतो तसाच मॉडेलमागेही दिसतो. वेळ सकाळची धरावी. वारा पडलेला असतो, आणि वाऱ्याने हलणारे कोरडे पान कितीही सुंदर फळीचा घात करते.

घरात दिव्याखाली काम करताना लुकलुक सांभाळावी लागते. भारतातली वीज 50 हर्ट्झची, म्हणून साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. शटर 1/50 किंवा 1/100 आणि चौकटी सेकंदाला 25 किंवा 50 ठेवल्या की पट्टे येत नाहीत. ताशी 40 किलोमीटरची पॅसेंजर मॉडेलमध्ये सेकंदाला 12.8 सेंटीमीटर जाते आणि 2.44 मीटरची फळी 19 सेकंदांत ओलांडते. इतक्या कमी वेगाला स्वस्त मोटारी अडखळतात. तेव्हा गाडी दुप्पट वेगाने चालवून सेकंदाला 50 चौकटींनी टिपावी आणि 25 ने दाखवावी. डब्यांचे डुलणेही संथ होते, आणि दीडशे ग्रॅमच्या डब्याला टनांचे वजन चढते.

या संथ केलेल्या चित्राचा आवाज निरुपयोगी असतो. खाचांचा ठेका खऱ्या वेगाने गाडी चालवून वेगळा ध्वनिमुद्रित करावा. पाखरे, फाटकाची घंटा, दूरचा रस्ता हे दौलताबादजवळ सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून मिळवता येते. मीटर गेजच्या वाफेच्या इंजिनाचा श्वास आजही निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर ऐकू येतो. हे सगळे जोडताना अंतराचे भान ठेवावे. मॉडेलमधले दोन मीटर म्हणजे प्रत्यक्षातले 174 मीटर, आणि तेवढे अंतर कापायला आवाजाला साधारण अर्धा सेकंद लागतो. म्हणून दूरच्या सिग्नलपाशी इंजिनाने वाफ सोडलेली दिसली की शिट्टी संपादनात अर्धा सेकंद उशिरा ठेवावी. गाडी फलाटाकडे येईल तसा हा फरक कमी करत शून्यावर आणावा.