आजीचा चेहरा आजीचाच राहावा

कष्टकऱ्यांच्या घरात आजी-आजोबांचा एखाददुसराच फोटो सापडतो. स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेणे ही त्या काळी चैन होती. जो फोटो आहे तोही पेटीच्या तळाशी, रेशनकार्डाच्या खाली, ओल लागून डागाळलेला आणि मधोमध घडी पडलेला.

मागच्या पावसाळ्यात असाच एक फोटो घेऊन एक ताई आमच्या वाचनालयात आल्या. सासूबाई नुकत्याच वारल्या होत्या आणि त्यांच्या तरुणपणीचा तेवढा एकच फोटो घरात होता. दुरुस्तीचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. "भाऊ, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना? काही करता येईल का?" त्यांनी विचारले.

कॉम्प्युटर होता, पण जुना. विंडोज १० वरचा. आणि त्या विंडोजचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाला. नवे यंत्र घेण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते. म्हणून आम्ही लिनक्सकडे वळलो.

उजळ माथ्याने घेतलेली प्रत

लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. फोटो दुरुस्त करण्याचा गिम्प हा प्रोग्राम स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली लिहायला घेतला. दोन्ही मुक्त आहेत. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. हे प्रोग्राम कोणीही वापरावेत, आतून कसे चालतात ते पाहावे, बदलावेत आणि शेजाऱ्यालाही प्रत द्यावी, अशी लेखी परवानगी त्यांच्यासोबत असते. महागडा प्रोग्राम चोरून वापरण्याची सवय आपल्याकडे अनेकांना लागली आहे. इथे चोरीचा प्रश्नच येत नाही.

कसे बसवावे?

आम्ही लिनक्स मिंट निवडले. त्याला किमान २ जीबी मेमरी आणि २० जीबी जागा लागते. मेमरी ४ जीबी असेल तर बरे. त्याची फाइल इंटरनेटवरून उतरवून एका पेनड्राइव्हवर चढवायची आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. यात एक सोय आहे. आधी काहीही न पुसता मिंट चालवून पाहता येते. पसंत पडले तरच पक्के बसवावे. मात्र संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला तर आतले सगळे जाते. मुलांची प्रमाणपत्रे, फोटो, जे असेल ते आधी दुसरीकडे उतरवून ठेवावे.

पुढचे काम सोपे आहे. मेनूमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर उघडावा, गिम्प हे नाव इंग्रजीत लिहून शोधावे, इन्स्टॉलचे बटण दाबावे आणि पासवर्ड द्यावा. एकच प्रोग्राम कधी दोनदा दिसतो. त्यातला फ्लॅटपॅक लिहिलेला सहसा नवा असतो, पण जागा जास्त घेतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आम्ही आणखी दोन मुक्त प्रोग्राम पाहिले. अपस्केल लहान, धूसर फोटो मोठा आणि ठसठशीत करतो. डिजिकॅम फोटोंतले चेहरे ओळखतो. दोन्ही आपल्याच यंत्रावर चालतात. डिजिकॅमला चेहरे ओळखण्याच्या फाइली आधी एकदा इंटरनेटवरून उतरवाव्या लागतात. नंतर मात्र घरचे फोटो कोणाकडे पाठवावे लागत नाहीत.

चूक आमची झाली

अपस्केलला व्हल्कन चालणारे ग्राफिक्स लागते. आमच्या यंत्रात ते नव्हते. आम्ही आधी वाचले नाही आणि एक संध्याकाळ वाया घालवली. शेवटी एका कार्यकर्त्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर काम केले. काही मिनिटांत फोटो लख्ख झाला. आम्ही खूश! ताईंना बोलावले. त्यांनी बराच वेळ फोटो पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "छान झालाय भाऊ, पण ह्या आमच्या सासूबाई नाहीत."

आम्ही दोन्ही फोटो शेजारी ठेवले. कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण पार पुसले गेले होते. यंत्राने ते डाग समजून गुळगुळीत केले होते. डोळेही कुणा दुसऱ्याचेच वाटत होते.

असे का होते? हा प्रोग्राम हजारो इतर चित्रे पाहून शिकलेला असतो. आपल्या फोटोत जे पुसट आहे, तिथे काय असावे याचा तो अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाने जागा भरतो. भिंत, पदर, खुर्ची यांत अंदाज चुकला तरी चालते. चेहऱ्यात चालत नाही. गोंदण केलेल्या आजीला त्या यंत्राने कधी पाहिले असेल?

हाताने केलेले काम

मग आम्ही मूळ फोटो ६०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केला आणि गिम्प उघडले. त्यात हील नावाचे अवजार आहे. कंट्रोलचे बटण दाबून शेजारच्या चांगल्या जागेवर क्लिक करायचे आणि मग घडीच्या रेघेवर अलगद फिरवायचे. चांगल्या जागेचा पोत घेऊन रेघ बुजते. भिंत आणि लुगडे आम्ही असे साफ केले. चेहऱ्यावरची फक्त घडी काढली, आणि तीही ताईंना शेजारी बसवून. "हे राहू द्या, हे गोंदण आहे. तो डाग काढा." असे त्या सांगत गेल्या. चार संध्याकाळी लागल्या. फोटो तितकासा लख्ख झाला नाही, पण या वेळी ताईंनी पदर डोळ्यांना लावला.

तरुण मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच. ही अवजारे शिका; ती आपलीही आहेत. मूळ स्कॅनला हात लावू नका, नेहमी प्रतीवर काम करा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. आणि घरातले म्हातारे माणूस आहे तोवर त्याच्याशेजारी बसून डिजिकॅममध्ये एकेका चेहऱ्याला नाव द्या. यंत्र चेहरे जुळवून देईल. पण ही कोण, कुठल्या गावची, कुणाची लेक, हे आजीच सांगेल. तिला आजच विचारा.