अणूंमधली ऊर्जा (लेखांक 9) : किल्लारीच्या खडकात काय साठलं होतं?

या आठवड्यात हायड्रोजन जाळायचा असं ठरलं होतं. तो आता पुढच्या आठवड्यात, कारण औशाहून एका शिक्षिकांनी पाठवलेला प्रश्न मला बाजूला ठेववत नाही. त्या विचारतात, ‘दोन अणूंमधलं अंतर बदललं की स्थितिज ऊर्जा बदलते, हे पटलं. पण तुमची उदाहरणं सगळी वायूंची आणि इंधनांची. दगड तर जळत नाही. मग 1993 साली किल्लारीच्या भूकंपात जमिनीतून एवढी ऊर्जा आली कुठून?’

ती आली अणूंमधलं अंतर आणि स्थितिज ऊर्जा यांच्या त्याच आलेखातून. गेल्या लेखात पाहिलेली त्या आलेखातली दरी डोळ्यांसमोर आणा. हायड्रोजनच्या दोन अणूंसाठी दरीचा तळ 0.74 अँगस्ट्रॉमवर होता. खडकात मुख्य जोडी सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, आणि तिचा तळ साधारण 1.6 अँगस्ट्रॉमवर असतो. तळाशी ना ओढ, ना रेटा. अणू जवळ दाबा, इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांना रेटतात. लांब ओढा, बंध मागे खेचतो. कुठल्याही बाजूला सरकलात तरी चढच. बंधांमधला कोन वाकवला तरी तेच. तळाजवळ चढाचा नियमही सोपा आहे : सरकणं दुप्पट झालं की ऊर्जा चौपट. शाळेत हा नियम आपण स्प्रिंगच्या नावाने शिकतो, पण स्प्रिंगला तो तिच्यातल्या लोखंडाच्या अणूंकडूनच मिळालेला असतो.

आता हा आलेख जमिनीखाली न्या. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे आणि समोर आशियाचा भूखंड आडवा आहे. त्या रेट्याने हिमालय उभा राहिला, आणि तोच रेटा मागे मराठवाड्याच्या खडकालाही दाबत असतो. किल्लारीला वरचा काळा पाषाण जेमतेम 340 मीटर जाडीचा. त्याच्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक आहे. साठा झाला तो मुख्यतः या जुन्या खडकात.

किती साठा? वहीच्या पानावर मावेल असा ढोबळ हिशोब करू. अशा भूकंपात खडकावरचा ताण ज्या प्रमाणात उतरतो, त्यावरून खडक दहा हजारांत एक भाग एवढा विकृत झाला होता असं धरता येतं. म्हणजे एक मीटर लांबीच्या दगडात केसाच्या जाडीएवढा फरक! यातून एक घनमीटर खडकात सुमारे 150 जूल ऊर्जा साठते. पंधरा लिटरची पाण्याची घागर जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते तेवढीच.

बंधाच्या पातळीवर तर हा वाटा नगण्य आहे. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या कोट्यवधींतला एक भाग प्रत्येक बंधाच्या वाट्याला आला. नुसत्या उष्णतेने अणू जागच्या जागी याहून कितीतरी जास्त थरथरत असतात. पण ती थरथर दाही दिशांना असते आणि हा रेटा एकाच दिशेने. म्हणून तो साचत जातो.

आता दहा किलोमीटर लांब, रुंद आणि खोल असा खडकाचा ठोकळा घ्या. त्यात एक लाख कोटी घनमीटर बसतात. प्रत्येकी 150 जूल धरले तर होतात सुमारे चार कोटी युनिट वीज. किल्लारीचा भूकंप 6.2 तीव्रतेचा धरला, तर त्याच्या लहरींतून बाहेर पडलेली ऊर्जा नेहमीच्या सूत्राने साडेतीन कोटी युनिटांच्या आसपास येते. घर्षणात आणि खडक भरडण्यात गेलेली ऊर्जा यात धरलेली नाही, म्हणून प्रत्यक्षातला साठा मोठाच असणार. पण शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. जमिनीच्या पोटात स्फोट झाला नव्हता, ज्वालामुखीही नव्हता. असंख्य बंध दरीच्या तळापासून तसूभरही नाही एवढे वर सरकले होते. जुन्या भेगेवरची पकड सुटली आणि ते एकदम तळाकडे परतले.

निम्न तेरणा प्रकल्पाच्या माकणी धरणामुळे भूकंप झाला का, यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला. त्या वादात दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. भेगेत झिरपलेलं पाणी पकड सैल करू शकतं. ते फार तर निमित्त. साठा मात्र भूपट्टाच्या रेट्याने खडकात आधीच व्हावा लागतो.

नांदेडकरांनी 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या 4.5 तीव्रतेच्या भूकंपांचे धक्के अनुभवले. किल्लारीच्या आकड्याशी फरक दिसतो 1.7 चा. पण तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते, म्हणून किल्लारीची ऊर्जा त्या एकेका भूकंपाच्या साडेतीनशे पट होती.

तरीही 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जनाहून येऊन झोपलेली हजारो माणसं गेली, ती या ऊर्जेने थेट नव्हे. खडकाच्या ऊर्जेने घरं हलवली. माणसं मारली ती छपराच्या स्थितिज ऊर्जेने. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं छप्पर. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती धरली, तर सहा-सात टन वजन डोक्यावर होतं. दरवर्षी गळती थांबवायला मातीचा नवा थर चढला की उंचावरची ऊर्जा आणखी वाढायची.

खडकातला साठा आपण कमी करू शकत नाही. छपरावरचा करू शकतो. लातूर, धाराशिव, नांदेडच्या गावांत अजून माळवदाची घरं आहेत. आपलं घर तसं असेल, तर पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर चढवण्याआधी जुना उतरवा, आणि नवं बांधताना दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा घातल्याशिवाय भिंत पुढे चढवू देऊ नका.