प्रमुख पाहुणे आले, भाषण करून गेले. पण तुमच्या प्रश्नाचं काय झालं?

गणेशोत्सव असो, सोसायटीचा वर्धापन दिन असो, ज्येष्ठ नागरिक संघाची मासिक बैठक असो की तालुक्यातल्या व्यापारी संघटनेचा मेळावा. पत्रिकेत एक ओळ ठरलेली असते: प्रमुख पाहुणे. तिथे नगरसेवक, आमदार, महापालिकेचे अधिकारी किंवा एखाद्या उद्योजकाचं नाव असतं.

पुढचा क्रमही ठरलेला. पाहुणे तासभर उशिरा येतात. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा सत्कार. मग पाहुण्यांचं भाषण, "दुसरा कार्यक्रम आहे" म्हणून घाईघाईत निरोप आणि आभारप्रदर्शन. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो येतात. पाण्याचा, रस्त्याचा, कचऱ्याचा प्रश्न मात्र होता तिथेच असतो.

खरं तर अशा कार्यक्रमातून बरंच काही मिळवता येतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: समोरच्या माणसाच्या हातात नेमके कोणते अधिकार आहेत याची माहिती आणि प्रश्नांसाठी राखून ठेवलेला वेळ.

पाहुणे बोलावण्याची पद्धत आली कुठून?

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. वक्तृत्वोत्तेजक सभेतर्फे ती आजही उन्हाळ्यात भरते. राजकारण, अर्थकारण, समाजकारण अशा विषयांवर जाणकारांनी बोलावं आणि लोकांनी ऐकावं, हा तिचा हेतू. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, तेव्हा मंडपातली व्याख्यानं हा त्या उत्सवाचा महत्त्वाचा भाग होता.

दुसरी परंपरा क्लबांची. वकील पॉल हॅरिस यांनी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत तीन सहकाऱ्यांसोबत रोटरीची पहिली बैठक घेतली. सभासदांच्या कार्यालयांत आळीपाळीने बैठका व्हायच्या, म्हणून नाव पडलं रोटरी. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही असे क्लब आहेत. तिथली रीत साधी असते: ठरलेला दिवस, एक वक्ता, थोडक्यात भाषण आणि मग प्रश्न.

दोन्ही परंपरांत वक्ता काहीतरी सांगायला येत असे. आपल्याकडे हळूहळू सांगण्याचा भाग आखडला आणि सत्काराचा वाढला.

पाहुणे तुमच्याकडे का येतात?

कारण तुमच्याकडे त्यांना हवं असलेलं काहीतरी आहे. एका सभागृहात बसलेले दोनशे लोक म्हणजे लोकप्रतिनिधीसाठी दोनशे मतदार आणि त्यांची कुटुंबं. उद्योजकासाठी ते ग्राहक असतात, कामगार असतात किंवा प्रकल्पाच्या शेजारी राहणारे रहिवासी. अधिकाऱ्यासाठी ती योजना पोहोचवण्याची जागा.

त्यामुळे प्रश्न विचारणं हा पाहुण्यांचा अपमान आहे, असं मानायचं कारण नाही. ते त्यांच्या कामासाठी येतात, तुम्ही तुमचं काम पुढे ठेवायचं.

कोणाला काय विचारायचं?

बहुतेक वेळा गडबड इथेच होते. खासदाराला गटाराबद्दल आणि नगरसेवकाला रेल्वेबद्दल विचारलं, तर "मी वरपर्यंत पाठपुरावा करतो" यापलीकडे उत्तर मिळणार नाही. म्हणून आधी अधिकार समजून घ्या.

नगरसेवक: मुंबई वगळता राज्यातल्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार चालतात, मुंबईसाठी १८८८ चा वेगळा कायदा आहे. अर्थसंकल्पाचा मसुदा आयुक्त तयार करतात, तो स्थायी समितीकडे आणि मग सर्वसाधारण सभेपुढे जातो. म्हणून नगरसेवकाला विचारा: "यंदाच्या अर्थसंकल्पात आपल्या प्रभागातल्या कोणत्या कामांसाठी किती तरतूद आहे? त्यातलं किती खर्च झालं?"

महापौर आणि आयुक्त: महापौर शहराचे प्रथम नागरिक असतात, सभेचं कामकाज चालवतात. पण अंमलबजावणीचे अधिकार प्रामुख्याने आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं. त्यामुळे काम का अडलं हे समजून घ्यायचं असेल, तर आयुक्तांना किंवा तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या प्रमुखांना बोलावणं जास्त उपयोगी. महापौरांपेक्षा त्यांचे फोटो कमी व्हायरल होतील, पण उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

आमदार: मुख्य काम कायदे करणं आणि सरकारला सभागृहात जाब विचारणं. शिवाय स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा आमदार निधी असतो. प्रश्न दोन: "गेल्या अधिवेशनात आपल्या मतदारसंघाबद्दल तुम्ही कोणते प्रश्न मांडले?" आणि "निधीतून कोणती कामं सुचवली?"

खासदार: खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. आज तिची रक्कम वर्षाला ५ कोटी आहे. हे पैसे खासदाराच्या खात्यात जात नाहीत. खासदार कामाची शिफारस करतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासन करतं. त्यांनी संसदेत विचारलेले प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर सापडतात. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं तिथे घालवा.

पालकमंत्री: जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेतला पैसा कुठे वळतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी.

सरपंच: गावात तर पाहुण्याची वाट बघायचीही गरज नाही. ग्रामसभेत हिशेब विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

प्रश्न कसा विचारायचा?

"आमचा रस्ता कधी होणार?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी एकच असतं: "लवकरच." त्याऐवजी विचारा: "निविदा निघाली का? कार्यादेश कोणत्या तारखेला दिला? काम किती महिन्यांत संपवायचं आहे? दोष दायित्व कालावधी किती आहे?" काम झाल्यावर ठराविक मुदतीत रस्ता खराब झाला, तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. त्या मुदतीला दोष दायित्व कालावधी म्हणतात. ती मुदत माहीत असली की पुढच्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांबद्दल कोणाकडे जायचं, हेही समजतं.

थोडक्यात, उत्तरात तारीख, रक्कम किंवा जबाबदार अधिकाऱ्याचं पद यावं, असा प्रश्न हवा.

उद्योजक पाहुणे असतील तर?

इथे दोन वेगळे प्रसंग असतात.

पहिला, कंपनीचे अधिकारी येतात आणि मंडळाला सामाजिक कामासाठी मदत हवी असते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये असलेल्या कंपन्यांना सीएसआरची तरतूद लागू होते. त्यांनी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. पण स्टेजवरून जाहीर केलं म्हणून पैसे येत नाहीत. कोणत्या कामांवर खर्च करायचा हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. कंपनीसाठी असं काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. म्हणून विचारा: "प्रस्ताव कोणाकडे आणि कधीपर्यंत द्यायचा?"

दुसरा प्रसंग जास्त नाजूक. सोसायटीच्या पुनर्विकासाची चर्चा चालू असते आणि नेमका एखादा बिल्डर उत्सवाचा प्रायोजक आणि प्रमुख पाहुणा होतो. यात बेकायदा काही असेलच असं नाही. पण सभासदांना हे आधी माहीत असायला हवं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालच्या शासन निर्देशांनुसार विकासकाची निवड विशेष सर्वसाधारण सभेत, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर व्हायची असते. ती उत्सवाच्या मंचावर, टाळ्यांच्या गजरात होत नाही. बोलवायचंच असेल तर स्पर्धेतल्या सगळ्या विकासकांना समान वेळ द्या आणि त्यांच्या आधीच्या प्रकल्पांची नोंद महारेराच्या संकेतस्थळावर बघून या.

निवडणूक जवळ आली असेल तर?

वेळापत्रक जाहीर झालं की आदर्श आचारसंहिता लागू होते. लोकसभा आणि विधानसभेच्या वेळी ती भारत निवडणूक आयोगाची असते, महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या वेळी राज्य निवडणूक आयोगाची. या काळात मंत्र्यांना निधीची घोषणा करता येत नाही. धार्मिक स्थळं प्रचारासाठी वापरता येत नाहीत. लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचारसभा घेण्यावरही बंदी असते. त्यामुळे मंडपात उमेदवाराला माइक देण्याआधी मंडळाने दोनदा विचार करावा.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे परवानगी घेऊन सगळ्या उमेदवारांना एकाच मंचावर बोलावणं. सगळ्यांना तेवढीच मिनिटं, तेच प्रश्न. एकाने नकार दिला तर खुर्ची रिकामी ठेवा, पण निमंत्रण सगळ्यांना गेलं होतं हे जाहीर सांगा. उमेदवारांची संपत्ती, शिक्षण आणि प्रलंबित गुन्ह्यांची माहिती त्यांच्या प्रतिज्ञापत्रात असते. विधानसभा आणि लोकसभेची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर बघता येतात.

परदेशातल्या मराठी मंडळांसाठी नियम आणखी कडक असू शकतात. अमेरिकेत ५०१(सी)(३) प्रकारात नोंदलेल्या करमुक्त संस्थांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. उमेदवार म्हणून कोणाला बोलावलं, तर त्याच पदासाठी उभ्या असलेल्या इतरांनाही तशीच संधी द्यावी लागते. दिवाळीच्या कार्यक्रमात स्थानिक नेत्याला बोलावताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग कार्यक्रम आखायचा कसा?

- विषय एकच ठेवा. "शहराचा विकास" असा नको, "आपल्या भागातला पाणीपुरवठा" असा हवा.
- निमंत्रणाच्या पत्रातच लिहा: भाषण २० मिनिटं, प्रश्नोत्तरं ३० मिनिटं.
- सत्कार एकाचाच, तोही शेवटी. वाचलेली पंधरा मिनिटं प्रश्नांना द्या.
- प्रश्न आठवडाभर आधी ग्रुपवर मागवा. सारखे प्रश्न एकत्र करा आणि त्यातले ८-१० पाहुण्यांना आधीच पाठवा. त्यामुळे "माहिती घेऊन सांगतो" ही पळवाट बंद होते.
- काही प्रश्न चिठ्ठीवर घ्या. महिला, तरुण, भाडेकरू हे अनेकदा माइक हातात घेत नाहीत, पण चिठ्ठी देतात.
- सूत्रसंचालन पाहुण्यांच्या कार्यकर्त्याकडे देऊ नका.
- दिलेली आश्वासनं तिथेच लिहून घ्या, वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी आभाराच्या पत्रासोबत पाठवा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आश्वासन कागदावर आलं की त्याचा पाठपुरावा करता येतो. महिनाभरात काही हाललं नाही, तर माहितीचा अधिकार कायदा २००५ आहेच: १० रुपये शुल्क, साधा अर्ज आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर. "अमुक तारखेच्या कार्यक्रमात सांगितलेल्या कामाची सद्यस्थिती काय?" असा प्रश्न न विचारता संबंधित कामाची निविदा, कार्यादेश आणि देयकांच्या प्रती मागा. कारण या कायद्याने कागदपत्रं मिळतात, मतं नाहीत.

तुमच्या मंडळाचा पुढचा कार्यक्रम ठरत असेल, तर हा लेख कार्यकारिणीच्या ग्रुपवर टाका. आणि पत्रिका छापायला जाण्याआधी तिच्यात एक ओळ वाढवा: प्रश्नोत्तरं, ३० मिनिटं.