टेकडीची मशागत

पुण्यात ‘टेकडीवर जाऊन आलो’ एवढे सांगितले की पुरते. कोणती टेकडी, ते ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या पत्त्यावरून ओळखायचे. एरंडवण्याचा असेल तर वेताळ, सहकारनगरचा असेल तर तळजाई, डेक्कनचा असेल तर फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी. पहाटे सहाला या वाटांवर गर्दी असते: स्पोर्ट शूज, कानटोप्या, राजकारणावरचे तावातावाचे वाद. त्या गर्दीत चार-दोन माणसांच्या पाठीवरची सॅक जरा जास्त जड दिसते. तिच्यात पाच-पाच लिटरचे दोन कॅन असतात. फिरायला आलेला कुणी थांबून विचारतो, “काका, अजून किती वर?” उत्तर ठरलेले असते: “चला ना, एक कॅन घ्या.” टेकडीच्या कामात बरीच माणसे अशीच आली आहेत.

या कामाला एक नाव नाही, एक कार्यालय नाही. बाणेर-पाषाण टेकडीवर वसुंधरा अभियानासारखा नावारूपाला आलेला गट आहे; इतर ठिकाणी नुसता व्हॉट्सॲप ग्रुप आणि कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ठेवलेली अवजारे. कुदळ, फावडे, पहार, घमेली, खुरपी एवढाच पसारा. निवृत्त माणसे रोज येतात, नोकरदार रविवारी येतात. टेकड्यांचा मोठा भाग वनविभागाचा असल्याने खड्डा घ्यायचा तरी आधी परवानगी लागते. म्हणून प्रत्येक गटात एक तरी माणूस असा असतो, की ज्याला कुदळीपेक्षा अर्ज चांगला चालवता येतो.

वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फूट उंच. खाली काळा बसाल्ट, वर वीतभर मुरमाड माती. पाऊस चार महिने धो धो पडतो आणि ओघळांतून खाली निघून जातो. उरलेले आठ महिने टेकडी कोरडी. म्हणून जाणते कार्यकर्ते झाडाच्या आधी पाण्याकडे बघतात. उतारावर समतल चर खणायचे, तर आधी समान उंचीची रेघ हवी. दोन काठ्यांना पाणी भरलेली पारदर्शक नळी बांधतात. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आले, की त्या दोन जागा एका पातळीत. तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचे. चर जरा जरी तिरका झाला तर पाणी एका टोकाला धावते आणि अडवायच्या ऐवजी नवा ओघळ पाडते. दहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल चरात एका भरण्याला साडेपाचशे लिटर पाणी मावते. पावसाळ्यात तो अनेकदा भरतो, अनेकदा जिरतो. पाठीवरच्या दहा लिटरांशी हा हिशेब ताडून पाहिला, की रोपाआधी चर का, ते कळते.

वाटांचेही तसेच. वळसा टाळून कुणी सरळ उतरतो, त्याच्या मागून दुसरा, आणि दोन पावसाळ्यांत त्या आडवाटेचा नाला होतो. उपाय साधा आहे. वाटेवर तिरपी दगडांची ओळ पुरायची, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूच्या गवतात उतरते. आणि आडवाटेच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकायच्या. पुढच्या रविवारी त्या फांद्या कुणीतरी बाजूला केलेल्या असतात. पुन्हा टाकायच्या.

आता झाडांकडे. जुन्या पुणेकरांना या टेकड्या उघड्याबोडक्या आठवतात. त्या हिरव्या करण्यासाठी वनविभागाने मोठ्या प्रमाणावर गिरिपुष्प लावले. हे झाड मध्य अमेरिकेतले. खडकाळ जमिनीत तगते, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि मुळांवाटे जमिनीत नत्रही धरते. उंदीरमारी हे त्याचे दुसरे नाव. त्या काळी निवड चुकीची वाटण्याचे कारण नव्हते. पण आज गिरिपुष्पाच्या दाट गर्दीखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. म्हणून आता मोई, सालई, गणेर, धावडा, पळस, मेडशिंगी अशी इथल्याच डोंगरांची झाडे लावण्याकडे कल आहे. पुण्यात १९८२ साली प्रकाश गोळे यांनी स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने ही दृष्टी अनेकांना दिली: आधी जागा वाचा, मग हात लावा.

जागा वाचायला लागले की आणखी एक गोष्ट उमगते. टेकडीवरचा गवताळ माळ ही रिकामी जागा नसते. तिथे चंडोल आणि तित्तिर घरटी करतात, पावसाळ्यात तेरडा फुलतो. तिथे खड्डे घेऊन झाडे लावली तर एक नांदते घर मोडते. ‘इथे काही लावायचे नाही’ हे नव्या उत्साही मंडळींना पटवणे सगळ्यात कठीण काम आहे. वाढदिवसाचे रोप हातात घेऊन आलेल्या माणसाला माळ दाखवून परत पाठवायला फार गोड जीभ लागते.

हिवाळा सरला की वणव्याची धास्ती सुरू होते. वाळलेल्या गवताला एक विडीचे थोटूक पुरते. त्याआधी गवत कापून जाळरेषा मोकळ्या करायच्या आणि तरीही पेटलेच तर ओल्या फांद्यांनी झोडपून विझवायचे. तीन वर्षे जपलेली रोपे एका दुपारी जातात. दुसऱ्या दिवशी तीच माणसे पुन्हा येतात, काळ्या जमिनीवर वाकून कुठल्या बुंध्यात जीव आहे ते नखाने खरवडून बघतात.

श्रमदानाला कागदाची जोडही लागते. १९९७ साली पालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकण्यात आले. ते टिकावे म्हणून नागरिकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. २०२३ मध्ये बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला, तेव्हा त्यात रोज टेकडी चढणारेही होते. ज्याने जिथे पाणी घातले आहे, त्याला ती जागा नकाशावरचा तुकडा वाटत नाही.

या कामाचे मोजमाप जुलैत करू नये. जुलैत टेकडीवर रोपांपेक्षा माणसे जास्त असतात. टी-शर्ट एकसारखे, फोटो झकास. लावलेले रोप जगवायला त्यानंतरचे दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते, आणि त्या उन्हाळ्यांत मोजकी डोकी उरतात. तेव्हा तुमच्या गावाला टेकडी असेल आणि तिच्यासाठी काही करावेसे वाटत असेल, तर पावसाळ्याची वाट पाहू नका. एप्रिलमध्ये जा. जाताना पाच लिटरचा कॅन भरून न्या.