रिपोर्ट नॉर्मल, मूल मात्र आजारी

उत्तरायण जवळ आले की आम्हा बडोद्याकडील बालरोगतज्ज्ञांना मांज्याने कापलेल्या बोटांइतकीच गच्चीवरून पडणाऱ्या मुलांची धास्ती असते. काही वर्षांपूर्वी सावलीच्या एका मराठी कुटुंबातील मुलगा असाच पतंगाच्या नादात पडला. क्षणभर शुद्ध हरपली, दोनदा उलटी झाली. सीटी स्कॅन निर्दोष निघाला. ‘‘काही झालेले नाही, सोमवारपासून शाळेत पाठवा,’’ असे सांगून मी मोकळा झालो.

तीन आठवड्यांनी त्याची आई परत आली. ‘‘डॉक्टरसाहेब, पुस्तक उघडले की याचे डोके दुखते. मिक्सरचा आवाजही सोसवत नाही, रात्री झोप नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, बहाणे करतो.’’ माझी मान खाली गेली. बहाण्याचा तो शिक्का खरे तर माझ्याच वाक्याने मारला होता.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव व अस्थिभंग दिसतात. मेंदूला हादरा बसल्यावर बिघडते ते मुख्यत्वे पेशींचे कार्य. ते त्या चित्रात उमटत नाही. बहुतेक मुले सुमारे चार आठवड्यांत सावरतात. काहींची डोकेदुखी, चक्कर, थकवा, विस्मरण व चिडचिड मात्र त्यापुढेही रेंगाळते.

अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती घ्यावी, मोबाइल व टीव्ही कमीत कमी ठेवावा. नंतर थोडे चालणे, मग अर्धा दिवस शाळा. त्रास वाढल्यास एक पायरी खाली यावे. झोपेची वेळ ठरलेली असावी. पूर्ण वेळ शाळा सुखरूप जमल्याखेरीज मैदानावर जाऊ नये. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा आकडी दिसल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

‘‘मी पुन्हा क्रिकेट खेळेन ना?’’ मुलाने विचारले. मी त्याला आपल्या शेजारच्या गोध्र्यात जन्मलेल्या नरी कॉन्ट्रॅक्टर यांची गोष्ट सांगितली. १९६२ साली बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू लागून भारताच्या या कर्णधाराची कवटी फुटली. फ्रँक वॉरेलप्रमाणेच आपल्या चंदू बोर्डे व बापू नाडकर्णी यांनीही रक्त दिले. त्यांची इजा या मुलाच्या इजेहून कितीतरी भयंकर होती. तरी ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट पुन्हा खेळले. कसोटीत मात्र पुनरागमन झाले नाही. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ साली, साठ वर्षांनी, काढण्यात आली. बरे होणे म्हणजे सारे पूर्ववत होणेच असे नव्हे. पण आयुष्य थांबतही नाही.

मी शाळेला पत्र लिहिले. बाईंनी त्याला खिडकीपासून दूर बसवले, गृहपाठ कमी केला. पावसाळ्यापर्यंत तो पूर्ण वेळ शाळेत रुळला. पुढच्या उत्तरायणात त्याने फिरकी धरली, ती अंगणात उभे राहून!

तेव्हापासून ‘काही झालेले नाही’ हे वाक्य मी सोडून दिले आहे. ‘रिपोर्ट चांगला आहे; त्रास होत असेल तर तोही खरा आहे,’ एवढेच सांगतो. समव्यवसायी मित्रहो, हे वाक्य उच्चारायला औषधाची चिठ्ठी लागत नाही.