खर्जाचा भास : बास गिटारच्या ध्वनिमुद्रणाविषयी

वर्ध्याच्या किंवा हिंगणघाटच्या लग्नाच्या वरातीत जे गाणे छातीवर आदळते, तेच दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिवर्धकातून ऐकले जाते. बास गिटारच्या मुद्रणाची खरी परीक्षा या दुसऱ्या ठिकाणी होते. चार तारांच्या या वाद्यातील सर्वांत जाड तार दर सेकंदास सुमारे ४१ कंपने करते; मोबाइलचा ध्वनिवर्धक बहुधा २००च्या खाली क्षीण होत जातो. तरीही चांगल्या मुद्रणातील खर्ज त्यातून ऐकू येतो. हे कसे घडते?

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास हे कोडे अपरिचित नाही. जुन्या दूरध्वनीवरून ३०० ते ३४०० या मर्यादेतीलच कंपने जात. पुरुषाच्या आवाजाचा मूलस्वर बहुधा १०० ते १५०च्या दरम्यान असतो. म्हणजे तो तारेवरून जातच नसे. पण बोलणारा पुरुष स्त्रीच्या पट्टीत बोलतो आहे, असे कोणास वाटले नाही. २०६, २४७, २८८ असे उपस्वर कानी आले की त्यांतील ४१चे अंतर ओळखून श्रवणेंद्रिय नसलेला मूलस्वर स्वतःच पुरवते. शाउटेन या डच शास्त्रज्ञाने १९४०मध्ये या घटनेची महत्त्वाची मीमांसा केली.

नवखा मुद्रक नेमके उलट करतो. खर्ज हवा म्हणून तो ४० ते ६० हा पट्टा फुगवतो. मग मोबाइलवर वाद्य नाहीसे होते आणि वरातीत ढोलकीची धुम त्याखाली गाडली जाते. वास्तविक जपावयाचे ते ८० ते ३०० आणि त्यावरील काही उपस्वर. विद्युत्‌परिपथातून आलेली किंचित विकृती येथे उपकारकच ठरते, कारण ती नवे उपस्वर निर्माण करते. मात्र खर्ज म्हणजे चकचकाट नव्हे. डेट्रॉइटच्या मोटाउन संस्थेतील जेम्स जेमरसन गुळगुळीत, जुन्या तारा एकाच बोटाने छेडीत असे. वाद्याची तार थेट मुद्रणयंत्रास जोडलेली असे. घोडीपाशी ठेवलेल्या स्पंजामुळे स्वर लवकर विरे. आघात व्यंजनासारखा स्पष्ट, त्यामागचा स्वर आखूड. म्हणून गायकास जागा उरे.

थेट जोडणीबरोबर ध्वनिवर्धकासमोर मायक्रोफोनही ठेवण्याची पद्धत आहे. येथे एक फसगत होते. ध्वनी एका सहस्रांश सेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. मायक्रोफोन तेवढ्या अंतरावर असल्यास दोन्ही लहरी एकत्र येताना ५००च्या आसपासचे घटक परस्परांना छेदून टाकतात, आणि वाद्य पोकळ वाटते. संगणकावर एक लहर तेवढी सरकवली की दोष जातो.

खोलीचा प्रश्न याहून कठीण. घरातच मुद्रण करणाऱ्यांची खोली पुष्कळदा दहा फुटांची असते. समोरासमोरील भिंतींमध्ये तेथे ५६ कंपनांजवळ स्थिर लहर उभी राहते, आणि बासची मोकळी दुसरी जाड तार ५५वर आहे! तो एकच स्वर घुमतो, बाकीचे दुबळे भासतात. मुद्रक तो स्वर दाबतो, आणि वास्तविक निर्दोष असलेले मुद्रण बिघडते. अशा खोलीत हेडफोनवर पडताळा घ्यावा, बसण्याची जागा हलवून पाहावी, आणि अखेरीस तेच गाणे मोबाइलवर हळू आवाजात लावून खर्जाची चाल गुणगुणता येते का, ते पाहावे.