नेम धरण्याआधीचा वेळ

नोव्हेंबर 2017 मध्ये स्वीडनची ‘स्टोरीटेल’ भारतात आली आणि सुरुवातीच्या काळातच तिने मराठीला मोठी जागा दिली. पुढच्या वर्षी ‘ऑडिबल’ आली. त्याच सुमारास ‘कुकू एफएम’ आणि ‘पॉकेट एफएम’ ही देशी नावं उभी राहिली. 2014 मध्ये सुरू झालेली ‘प्रतिलिपि’ही लिहिण्या-वाचण्याकडून ऐकण्याकडे वळली आणि 2020 मध्ये तिने मुंबईची ‘आयव्हीएम पॉडकास्ट्स’ विकत घेतली. यातल्या ‘प्रतिलिपि’ आणि ‘पॉकेट एफएम’ बेंगळुरूच्या, आणि या ऐकण्याला लागणारा वेळही बेंगळुरूइतका क्वचितच कुठे असेल. 2022 च्या ‘टॉमटॉम’च्या पाहणीत इथे शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी 29 मिनिटं लागत होती. व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला जाणाऱ्या मराठी माणसाचे सिल्क बोर्ड चौकाच्या वाहतूक कोंडीत जाणारे तास मराठी पुस्तकाला मिळू शकतात, ही या काळातली मोठी गोष्ट आहे. त्या तासांत थरारकथेचा वाटा मोठा, आणि थरारकथेत पैसे घेऊन माणूस मारणाऱ्याची गोष्ट विशेष चालणारी. या सगळ्या काळाकडे मागे वळून पाहताना मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. सुपारी घेणाऱ्याची गोष्ट कानाला जितकी मानवते तितकी दुसरी कुठलीही थरारकथा मानवत नाही. मात्र ज्या साच्यात ती आज ऐकवली जाते, तो साचा तिचा प्राणच काढून घेतो.

ही गोष्ट वेगाची आहे असा समज आहे. मुळात ती तयारीची आणि वाट पाहण्याची गोष्ट आहे. या प्रकाराचा वस्तुपाठ म्हणजे फ्रेडरिक फोर्सिथ यांची 1971 ची ‘द डे ऑफ द जॅकल’, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला नेमलेल्या मारेकऱ्याची कादंबरी. द गॉल यांचा खून झाला नाही, ते 1970 मध्ये आपल्या घरी वारले, हे वाचकाला पहिल्या पानाआधीच ठाऊक असतं. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण शेवट काय होणार हा तिथला प्रश्नच नाही. मेलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा मिळवतात, ब्रसेल्सचा कारागीर बारीक नळ्यांत मोकळी होणारी रायफल कशी बनवतो, जंगलात टांगलेल्या कलिंगडासारख्या फळावर नेम कसा जुळवतात, या तपशिलांत ताण साठत जातो. छापील पानावर अशा परिच्छेदांवरून डोळा घसरतो; संवाद कुठे सुरू होतो हे तो आधीच शोधून ठेवतो. कानाला ती सोय नाही. रायफलचे भाग लंगड्या सैनिकाच्या कुबडीत एकेक करून सरकवले जातात तेव्हा श्रोत्याला त्या प्रत्येक भागाबरोबर थांबावं लागतं. निवेदकाने आवाज न चढवता, हिशेबाची वही वाचावी तशा सुरात ते वाचलं, तर अंगावर काटा येतो. आणि मग 25 ऑगस्ट 1963 चा तो क्षण येतो. सैनिकाच्या गालाचं चुंबन घ्यायला द गॉल खाली वाकतात आणि गोळी हुकते. इतके तास साठवलेलं एका वाक्यात सुटतं. तयारी गाळली तर त्या वाक्याला वजनच उरत नाही. मार्क ग्रीनी यांचा ‘ग्रे मॅन’ 2009 पासून पुष्कळ जास्त धावतो, 2022 च्या चित्रपटात तर धनुषही त्याच्याशी झुंजतो. पण तिथेही कानात राहतं ते दोन चकमकींमधलं लपणं, जखम बांधणं आणि पुढच्या पावलाचा हिशेब.

मराठीत हा नायक तसा उशिराच आला. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचे शिलेदार आणि गोलंदाज, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद हे सगळे अन्यायाच्या मागे लागणारे. पैसे घेऊन खून करणारा तिथे असलाच तर खलनायकाच्या पदरी. पण ऐकण्याचा वारसा आपल्याकडे भक्कम होता. व. पु. काळे यांच्या कथाकथनाच्या कॅसेट घरोघरी वाजल्या, आणि एक माणूस नुसत्या आवाजावर सभागृह बांधून ठेवू शकतो हे मराठी श्रोत्याला पटवून द्यावं लागलं नाही. म्हणूनच मूळ स्टॉकहोमची मालिका निरंजन मेढेकरांनी ‘व्हायरस पुणे’ म्हणून पुण्यात आणली आणि मुक्ता बर्वेंनी ती वाचली, तेव्हा ती उसनी वाटली नाही. अनुभवी नटाचा आवाज, ओळखीचं शहर आणि आखलेला शेवट एवढं असलं की मराठी थरार कानात उभा राहतो.

मग साचा बिघडला कुठे? दहा-बारा मिनिटांचा भाग, सुरुवातीचे काही भाग फुकट, पुढच्या प्रत्येक भागाला ॲपमधली नाणी मोजायची, आणि मालिका शेकडो भागांवर न्यायची, हा तो साचा. त्यात प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का द्यावाच लागतो. वाट पाहायला दहा मिनिटांत जागा नाही, म्हणून मारेकरी प्रत्येक भागात कोणाला तरी मारतो, आणि पन्नासाव्या खुनापाशी श्रोत्याला काहीच वाटेनासं होतं. यावर कोणी म्हणेल की अर्नाळकरांनीही हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्याच, नाईकांनीही. मग हप्त्यांवरच राग का? पण अर्नाळकरांची प्रत्येक चोपडी स्वतःपुरती पुरी होती. वाचनालयातून आणलेलं पुस्तक रात्री संपायचं, गुन्ह्याचा हिशेब चुकता व्हायचा. नायक पुढच्या पुस्तकात परत यायचा, पण खून अर्धवट टांगलेला राहत नसे. संख्या मोठी असणं हा दोष नाहीच. दोष आहे तो शेवट लांबवत ठेवण्यात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि बेंगळुरूत तो टाळता येत नाही. 5 सप्टेंबर 2017 ला राजराजेश्वरीनगरमध्ये पत्रकार गौरी लंकेश यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी हे विचारवंतही असेच मारले गेले होते. ते खून पैशासाठी झालेले नव्हते, पण ज्या शहराने हे पाहिलं तिथे मारेकऱ्याची गोष्ट मनोरंजन म्हणून ऐकावी का, असं विचारणाऱ्याला उडवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझं उत्तर असं, की माणूस मारणं सोपं आणि देखणं करून दाखवणारी कथाच त्या प्रश्नासमोर उघडी पडते. फोर्सिथच्या पुस्तकात मारेकऱ्याबरोबरच मोठी जागा क्लोद लबेल या दमलेल्या, घरी बायकोचं ऐकून घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. हॉटेलांच्या नोंदी आणि पासपोर्टच्या याद्या चाळत तो एका नावापर्यंत पोचतो. लंकेश आणि कलबुर्गी एकाच 7.65 मिलिमीटरच्या गावठी पिस्तुलाने मारले गेले, हेही प्रयोगशाळेत गोळ्या आणि पुंगळ्या ताडून पाहणाऱ्यांनीच शोधून काढलं. तपास हे किती चिवट काम आहे हे ज्या गोष्टीतून कळतं, ती खुनाचं कौतुक करत नाही. तपास गाळून केवळ बंदुकीचा आवाज ऐकवणारी मालिका मात्र ते करते, आणि तिच्याबाबतीत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

ऐकणं हे वाचन नव्हे, हा तिसरा आक्षेप मला फार मोठा वाटत नाही. चांगल्या निवेदनाचा विराम हासुद्धा मजकूरच असतो. दीडपट वेगाने ऐकणारा श्रोता मात्र तो विरामच खाऊन टाकतो, आणि कृत्रिम आवाजात झपाट्याने भाग काढण्याची जी लाट आता आली आहे, तीही आधी या विरामावरच घाला घालते.

म्हणून निर्मात्यांना एक विनंती आहे. सुपारी घेणाऱ्याची एकच गोष्ट घ्या, आठ-दहा तासांत संपणारी. ती मराठीत, चांगल्या नटाकडून, घाई न करता वाचून घ्या, आणि तपास करणाऱ्याला तिच्यात मारेकऱ्याइतकाच वेळ द्या. श्रोत्यांनीही ती मूळ वेगानेच ऐकावी; सिल्क बोर्डच्या कोंडीत तेवढा वेळ नक्कीच मिळतो.